पाठकोरा कागद

प्रति,
महाराष्ट्रातील बालरोगतज्ज्ञ आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतील डॉक्टर

विषय : दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या मुलाच्या संगोपनातून पालकांना काय मिळते, आणि ते निदानाच्या वेळीच सांगण्याबाबत



सेरेब्रल पाल्सीचे निदान बहुधा बाह्यरुग्ण विभागातल्या एखाद्या गर्दीच्या सकाळी सांगितले जाते. मूल आठ-दहा महिन्यांचे झालेले असते आणि अजून मान धरत नसते किंवा बसत नसते. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ असे आजी सांगत असते. डॉक्टर मुलाचे पाय गुडघ्यात वाकवून पाहतात, एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरतात आणि केसपेपरवर चार ओळी लिहितात : जन्मल्यावर उशिरा रडले, इतके दिवस काचेच्या पेटीत होते, विकासाचे टप्पे मागे, फिजिओथेरपीचा सल्ला. हा कागद पुढे वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या फायलीत राहतो. शाळेच्या प्रवेशाला, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला, रेल्वेच्या सवलतीला तोच पुढे केला जातो. त्यावर लिहिलेले बहुधा बरोबर असते, पण कागद पाठकोरा असतो. अशा मुलासोबत दहा-वीस वर्षे काढलेले पालक आपल्याला काय मिळाले याबद्दल जे सांगतात, ते त्याच्या मागच्या बाजूवर कोणी लिहीत नाही. प्रस्तुत पत्र त्या कोऱ्या बाजूविषयी आहे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या कोवळ्या काळात झालेली इजा आणि तिच्यामुळे हालचालीत व शरीराच्या ठेवणीत राहून गेलेला कायमचा फरक. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत ही अवस्था आढळते. मेंदूतली मूळ इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. म्हणून ‘बरा कधी होईल?’ या पालकांच्या पहिल्या प्रश्नाला ‘होणार नाही’ हेच खरे उत्तर असते. अडचण अशी की संभाषण तिथेच संपते. न्यूमोनियाच्या रुग्णाला ‘बरे होणे’ हा शब्द लागू पडतो. जी अवस्था मुलासोबत चाळीस-पन्नास वर्षे नांदणार आहे तिच्यासाठी हे मोजमापच अपुरे आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत. १९९५च्या कायद्यात ती सात होती. सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ आणि बोलण्यात ‘अपंग’ असे दोन्ही शब्द चालतात. घरात मात्र दोन्ही वापरले जात नाहीत, कारण घरात मुलाला नाव असते.

कोऱ्या बाजूवर लिहिण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे पुढच्याच बाजूवरचे आकडे, पण दुसऱ्या टोकाकडून वाचलेले. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून काढलेला गोषवारा या क्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. त्यानुसार सेरेब्रल पाल्सी असलेल्या तिघांपैकी एकाला चालता येत नाही, चौघांपैकी एकाला बोलता येत नाही, चौघांपैकी एकाला फिट्स येतात आणि दोघांपैकी एकाला बौद्धिक अक्षमता असते. हेच आकडे उलट्या बाजूने सांगितले तर तिघांपैकी दोघे चालतात, कोणी आधाराने तर कोणी आधाराशिवाय. चौघांपैकी तिघे बोलतात आणि निम्म्यांच्या बुद्धीला धक्का लागलेला नसतो. दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत. मात्र मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईच्या कानावर बहुतेक वेळा पहिलेच पडते.

यामागे डॉक्टरांचा कठोरपणा असतो असे नाही. डॉक्टरांना मूल दिसते ते ताप आल्यावर, फिट आल्यावर, अनोळखी खोलीतल्या उंच टेबलावर, रडताना. रविवारी सकाळी वडिलांच्या पोटावर पालथे पडून रेडिओच्या आवाजाबरोबर पाय हलवणारे तेच मूल त्यांच्या पाहण्यात येत नाही. समाजशास्त्रज्ञ गॅरी आल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी १९९९ मध्ये या तफावतीला ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ असे नाव दिले. गंभीर अपंगत्व असलेल्या ज्या व्यक्तींशी ते बोलले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटायला जड जाते. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला युरोपातील मुलांचा अभ्यास याच दिशेचा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या आठ ते बारा वर्षांच्या ज्या मुलांना स्वतः उत्तरे देता येत होती, त्यांनी आपल्या आयुष्याला दिलेले गुण बहुतेक बाबतींत त्याच वयाच्या इतर मुलांसारखेच निघाले. याच अभ्यासमालेत आणखी एक बाब दिसली : ताणाखाली असलेले पालक मुलाच्या आयुष्याला मूल स्वतः देते त्यापेक्षा कमी गुण देत होते. म्हणजे मुलाला किती दुःख आहे हे पाहताना पालकाचीही नजर पूर्ण भरवशाची नसते, मग तपासणीपुरते भेटणाऱ्याची तर गोष्टच वेगळी.

पालकांना काय वाटते याच्या सर्वांत मोठ्या पाहण्यांपैकी एक डाउन सिंड्रोमबद्दलची आहे. अमेरिकेतील ब्रायन स्कॉटको आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २,०४४ पालकांची उत्तरे प्रसिद्ध केली. ९९ टक्के पालकांनी आपल्या मुलावर प्रेम असल्याचे सांगितले आणि ९७ टक्क्यांनी अभिमान वाटतो असे म्हटले. या मुलामुळे आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी अधिक चांगली झाली असे म्हणणारे ७९ टक्के होते, तर मूल झाल्याचा पश्चात्ताप होतो असे ४ टक्के पालकांनी कळवले. ८२२ भावंडांपैकी ८८ टक्क्यांनी या भावंडामुळे आपण अधिक चांगली माणसे झालो असे लिहिले. हे आकडे जसेच्या तसे भिंतीवर लावण्यासारखे नाहीत. उत्तरे देणारे कुटुंबीय डाउन सिंड्रोमविषयक स्वयंसेवी संस्थांशी जोडलेले होते. जे कोलमडले ते अशा यादीत सहसा नसतात. शिवाय अमेरिकेतली शाळा आणि धाराशिवजवळच्या वस्तीवरची शाळा यांत फरक आहे. तरीही दोन हजार पालकांची साक्ष केवळ ‘पालक मनाची समजूत घालतात’ या एका वाक्याने बाजूला सारता येत नाही.

दुःख नाहीसे होते असा या साक्षीचा अर्थ नाही. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्येच ‘चिवट दुःख’ ही कल्पना मांडली. अशा मुलाच्या पालकांचे दुःख हा मानसिक आजार नसून परिस्थितीला दिलेला स्वाभाविक प्रतिसाद आहे आणि तो टप्प्याटप्प्याने पुन्हा वर येतो, असे त्यांचे म्हणणे होते. चुलतभाऊ पहिलीत जातो तेव्हा, शेजारच्या मुलीचे लग्न ठरते तेव्हा, मुलगा उचलण्यापलीकडे जड होतो तेव्हा ते वर येते. ‘स्वीकार’ नावाच्या स्थानकावर गाडी एकदाची पोहोचते आणि पुढे जात नाही, ही कल्पना पुस्तकी आहे. दुःख आणि समाधान एकाच घरात, पुष्कळदा एकाच दुपारी राहतात. मराठी घरांत मात्र या संमिश्र अवस्थेला दोनच साचे मिळतात. एक, ‘मागच्या जन्मीचे भोग’. दुसरा, ‘देवाने तुम्हालाच निवडले’. पहिल्याने आई दोषी ठरते. दुसऱ्याने तिला देव्हाऱ्यात बसवले की तिच्या मदतीला जाण्याची गरज उरत नाही. डॉक्टरांच्या तोंडून दुसरे वाक्य सदिच्छेने निघते, पण त्यानंतर आईला ‘मी थकले’ म्हणायची चोरी होते.

आता प्रत्यक्ष काय मिळते ते. पहिली गोष्ट लक्ष देण्याची आहे. वरणभाताचा घास चमच्याने तोंडापर्यंत नेणे ही सामान्य घरात कोणाच्या नजरेत न भरणारी घटना असते. ज्या मुलाला ती पाचव्या वर्षी साधते, त्याच्या आईला त्यातला एकेक तुकडा ठाऊक असतो : धड स्थिर हवे, डोके मध्यावर हवे, खांदा पुढे यावा, कोपर वळावे, मनगटाने चमचा आडवा धरावा, ओठ वेळेवर मिटावेत. चमच्याला जाड मूठ म्हणून तिने सायकलच्या हँडलचे रबर बसवलेले असते. ताटलीखाली ओले फडके असते, म्हणजे ती सरकत नाही. असा घास पहिल्यांदा न सांडता तोंडात गेला तो दिवस त्या घरात तारखेसह लक्षात राहतो. धाकट्या भावंडाने सहज चमचा उचलला तेव्हा तीच आई थांबून पाहत राहते. सगळ्याच मुलांच्या शरीरात चाललेली ही करामत बहुतेक पालकांना दिसायची राहून जाते. ही दृष्टी कोणत्याही प्रवचनातून मिळत नाही. ती रोज तीनदा भरवण्यातून येते, आणि पुष्कळदा कमरेच्या दुखण्यासह येते.

दुसरी गोष्ट भाषेची. न बोलणारे मूल सांगत नाही असे नसते. उजवीकडे पाहणे म्हणजे ‘हो’, डोळे मिटणे म्हणजे ‘नको’, जीभ बाहेर काढणे म्हणजे ‘चेष्टा पुरे’. असा शब्दकोश एकेका घरात तयार होतो आणि त्याची एकच प्रत असते. जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांचा मुलगा हिकारी १९६३ मध्ये मेंदूच्या गंभीर दोषासह जन्मला. माणसांच्या आवाजांना तो प्रतिसाद देत नसे, पण पक्ष्यांच्या आवाजांकडे त्याचे लक्ष असे. घरात पक्ष्यांच्या कूजनाची ध्वनिमुद्रिका वाजत असे. तीत निवेदक प्रत्येक पक्ष्याचे नाव सांगे. सहा वर्षांचा असताना उन्हाळ्यात गावाकडच्या घरी त्याने झाडीपलीकडच्या तळ्यावरून पाणकोंबडीच्या कुळातल्या एका पक्ष्याची साद ऐकली आणि निवेदकाच्याच स्वरात त्या पक्ष्याचे नाव उच्चारले. १९९४ च्या नोबेल व्याख्यानात ओए यांनी ही आठवण सांगितली. हिकारी पुढे संगीतकार झाला आणि त्याच्या रचनांच्या तबकड्या निघाल्या, म्हणून ही कथा सहसा प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. पालकांना तिच्यात दिसते ते त्याआधीचे : कोणीतरी ती तबकडी पुन्हा पुन्हा लावत राहिले होते, उत्तर येईल याची काहीही खात्री नसताना. तबकडीच्या जागी मराठी घरात अंगाईची एखादी ओळ असते किंवा प्रेशर कुकरची शिट्टी.

तिसरी गोष्ट मोजपट्टी बदलण्याची. महाराष्ट्रात मुलाचे मोल शेजाऱ्याच्या मुलाच्या टक्क्यांवरून ठरते. दहावीच्या निकालाच्या दिवशी ‘तुमच्याकडे किती?’ हा प्रश्न फोनवर सगळीकडे फिरत असतो. ज्या घरात मुलाची तुलना फक्त त्याच्या मागच्या वर्षाशी होऊ शकते, ते घर या बाजारातून आपोआप बाहेर पडते. या सुटकेचा फायदा घरातल्या दुसऱ्या, अपंगत्व नसलेल्या मुलालाही मिळतो, निदान मिळू शकतो. मात्र अपेक्षा सोडून देणे म्हणजे ही सुटका नव्हे. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांचे बोलणे अनोळखी माणसाला चटकन कळत नाही आणि टंकलेखनासाठी त्यांना एकच बोट वापरता येते. मुंबईत पदवी घेऊन त्यांनी पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि त्याच एका बोटाने आत्मकथन लिहिले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावातही ते बोट आहे. लहानपणीच्या एखाद्या कागदावर त्यांच्या मर्यादांची शेवटची रेघ मारली गेली असती, तर ती पुढे पुसावी लागली असती.

चौथी गोष्ट माणसांची, आणि ती भेटते थेरपी केंद्राबाहेरच्या बाकावर. त्या बाकावर रिक्षा चालवणारा बाप, बँकेत अधिकारी असलेली आई आणि ऊसतोडीहून परतलेली आजी शेजारी बसतात. एरवी या तिघांची ओळख होण्याचे कारण नसते. पायाचे स्प्लिंट कुठे नीट बसवून मिळतात, कोणती शाळा वर्ग तळमजल्यावर ठेवते, एसटीचा कोणता वाहक मूल चढेपर्यंत घंटी मारत नाही, औषधाची चव केळ्यात मिसळली तर कळत नाही, ही माहिती तिथे हस्तांतरित होते. डॉक्टरांच्या टिपणांत ती नसते. नातेवाईक दूर गेले तरी बाकावरची ओळख टिकते, असे पुष्कळ पालकांच्या बोलण्यात येते.

पाचवी गोष्ट सांगायला सर्वांत अवघड, कारण ती सर्वांत साधी आहे. पालकांच्या फायद्यांची यादी बहुधा ‘आम्ही संयम शिकलो, आम्ही चांगली माणसे झालो’ अशी निघते. यात एक खोट आहे. मूल हे आईवडिलांच्या स्वभावावरचे औषध ठरते, आणि औषध म्हणून कोणी जन्माला येत नाही. लांबच्या पल्ल्यावर टिकणारे समाधान त्या मुलाच्या सहवासाचे असते. त्याचे हसणे, त्याचा हट्ट, विशिष्ट मावशी आल्यावर त्याने तोंड फिरवणे, आई रडत असताना त्याने वाकड्या हाताने तिच्या गालाला केलेला स्पर्श. मूल घेते तसे देतेही. हे देणे प्रत्येक घरी वेगळे असते, म्हणून त्याचा तक्ता करता येत नाही आणि केसपेपरात त्याला रकाना नसतो. ज्याला बोलता किंवा चालता येत नाही त्याला देताही येत नसावे, हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही घट्ट आहे.

काही पालकांच्या बाबतीत हा अनुभव घराबाहेर पडला आणि त्यातून संस्था उभ्या राहिल्या. मुंबईत होर्मसजी आणि जेरबाई वकील या दांपत्याने १९४४ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. मालिनी चिब यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. भारतात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना उपचार आणि शिक्षण एका छताखाली देण्याची वाट तिथून रुंद झाली. नाशिकमध्ये शिक्षिका असलेल्या रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या अनुभवातून १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. दिल्लीत मेरी बारुआ यांनी आपल्या स्वमग्न मुलासाठी शोधाशोध करता करता ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था उभारली. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी झाला, त्यामागेही ‘आमच्या माघारी याचे कोण?’ हा पालकांचाच प्रश्न होता. ही नावे घेताना एक सावधगिरी हवी. प्रत्येक पालकाने संस्था काढावी, अशी अपेक्षा हे नवे ओझे आहे. बहुतेकांचे सार्वजनिक काम याहून लहान असते : सोसायटीच्या फाटकाशी उतार करून घेणे, मतदान केंद्र तळमजल्यावर आणायला लावणे, शाळेच्या स्नेहसंमेलनात व्हीलचेअर रंगमंचावर चढवणे.

वर सांगितलेले काहीही आपोआप मिळत नाही, आणि पत्राचा हा भाग डॉक्टरांच्या थेट कामाचा आहे. नोव्हाक यांच्या त्याच गोषवाऱ्यात चौघांपैकी तिघांना वेदना असतात आणि पाचांपैकी एकाला झोपेचा विकार असतो असे नोंदले आहे. तिघांपैकी एकाचे खुब्याचे हाड जागेवरून सरकते. न बोलणाऱ्या मुलाचे रात्रीचे रडणे ‘हट्टी आहे’ म्हणून सोडून दिले जाते, आणि वर्षभराने एक्स-रे काढल्यावर खुबा निखळलेला निघतो. रात्री तीनदा उठणाऱ्या आईला चमच्यातली करामत दिसत नाही; तिला भिंत दिसते. म्हणजे वेळेवर काढलेला खुब्याचा एक्स-रे, आवरलेल्या फिट्स, सोडवलेली बद्धकोष्ठता आणि झोपेची घडी ही जशी मुलाची वैद्यकीय गरज आहे तशीच पालकांच्या आनंदाची पहिली अटही आहे.

दुसरी अट वाटून घेण्याची. बहुतेक घरांत नोकरी आई सोडते, फाइल आई सांभाळते, बाकावर आईच बसते. वडील पैसे मिळवतात आणि मुलापासून लांब पडतात. त्यात तेही बरेच काही गमावतात, फक्त ते मोजले जात नाही. मुलाला उचलायला, भरवायला, व्यायाम द्यायला डॉक्टरांनी वडिलांनाही समोर बसवून शिकवले तर घरातली वाटणी बदलण्याची शक्यता असते. अपंगत्व नसलेल्या भावंडाची चौकशी हाही दोन मिनिटांचा विषय आहे. ८८ टक्क्यांच्या आकड्यात जी भावंडे आहेत त्यांना कोणीतरी विचारले होते.

तिसरी अट पैशाची आणि हक्कांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतो आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्याच साखळीत येतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला जातो. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६चा कायदा देतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारे दिव्यांग ओळखपत्र, एकदा निघाले की दर ठिकाणी नवे प्रमाणपत्र मागण्याला आळा बसतो. आयकर भरणाऱ्या पालकांना जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, अपंगत्व तीव्र असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपते. तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला, त्यामुळे कोणते दार ठोठावायचे एवढे तरी ठरले आहे. यांपैकी पुष्कळ बाबी पालकांना पाच-सहा वर्षे उशिरा, बाकावरच्या कोणाकडून तरी कळतात.

राहिला सांगण्याच्या रीतीचा भाग. आयोना नोव्हाक आणि इतरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या शिफारशींनुसार सेरेब्रल पाल्सीचे निदान, किंवा तिचा मोठा धोका असल्याचे अंतरिम निदान, सहा महिन्यांच्या आतही करता येते. ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणत वर्ष घालवले तर मेंदू सर्वाधिक घडण्याचा काळ निघून जातो. बातमी आईवडील दोघांना एकत्र द्यावी, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यात देऊ नये. मूल टेबलावर असण्यापेक्षा मांडीवर असावे. त्याचे बारसे झालेले असेल तर नावाने बोलावे. ‘ही केस’ हा शब्द पालक विसरत नाहीत. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या मातांच्या पाहण्यांत एक तक्रार वारंवार आली : बाळ झाल्याबद्दल कोणी अभिनंदनच केले नाही. सांगताना माहीत असलेले आणि अजून न कळणारे वेगळे करावे. ‘चालेल का?’ या प्रश्नाला दहाव्या महिन्यात ठाम उत्तर नसले तरी दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागणारी बहुतेक मुले पुढे चालतात, एवढे सांगता येते. सगळे एकाच दिवशी सांगू नये, कारण पहिल्या वाक्यानंतरचे फारसे ऐकू येत नाही. दुसऱ्या भेटीची तारीख त्याच दिवशी द्यावी.

कॅनडातील पीटर रोझेनबाउम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ मध्ये बालअपंगत्वाच्या विचारासाठी सहा शब्द सुचवले. इंग्रजीत ते सर्व एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून लक्षात राहतात. मराठीत ते असे : कामकाज, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मैत्री, भविष्य. केसपेपरवर यांपैकी पहिल्याचीच नोंद होते. मौजेची चौकशी करणारा डॉक्टर पालकांना सुरुवातीला विचित्र वाटतो. ‘याला काय आवडते?’ या प्रश्नाला पहिल्या भेटीत उत्तर येत नाही. तिसऱ्या भेटीत आई स्वतःहून यादी सांगते. अमेरिकेत २००८ मध्ये संसदेने असा कायदाच केला की गर्भावस्थेत किंवा जन्मानंतर डाउन सिंड्रोमसारख्या निदानाची माहिती देताना ती अद्ययावत आणि पुराव्यावर आधारलेली असावी, आणि पालकांना आधारगटांची ओळख करून द्यावी. भारतात वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. त्या वर्गांतून बाहेर पडणारे डॉक्टर आता बालरोग विभागांत रुजू होत आहेत.

कागदाच्या मागच्या बाजूवर लिहिण्यासाठी तीन ओळी पुरतात : मुलाला आज काय जमते, पुढच्या तीन महिन्यांत कशाकडे पाहायचे, आणि त्याच तालुक्यातल्या एखाद्या अनुभवी पालकाचा, त्याच्या संमतीने दिलेला फोन नंबर. तिसऱ्या ओळीचा उपयोग सर्वांत जास्त होतो असे पालक गटांत दिसते. त्या नंबरावरून ठरणारी भेट रुग्णालयात ठेवण्याची गरज नाही, चहाच्या टपरीवरही ती होते. नव्या पालकांजवळ एमआरआयबद्दल प्रश्न असतात, आणि अनुभवी पालकाने जमल्यास मुलाला सोबत आणावे असे त्याला सुचवावे. मग अर्धा तास एमआरआयचा विषय चालतो आणि त्या अर्ध्या तासात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा व्हीलचेअरवरून बशीतल्या शेवटच्या बिस्किटाकडे डोळ्यांनी खुणा करत राहतो, ते मिळेपर्यंत.